खारफुटीवरील गोगलगायींचे माग : प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२४

प्रकल्पाचा प्रश्न आज नेमक्या शब्दांत मांडला. रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीत तिवर आणि चिपीच्या खोडांवर लिट्टोरारिया वंशातील गोगलगायी राहतात. या गोगलगायींचे नर माद्यांनी मागे ठेवलेल्या श्लेष्माच्या, म्हणजे चिकट स्रावाच्या, रेघेवरून त्यांच्यापर्यंत पोहोचतात का, आणि पोहोचत असतील तर ती रेघ मादीची आहे हे त्यांना रेघेवरूनच कळते का, असा हा दुहेरी प्रश्न आहे. पहिला भाग बघून ठरवता येतो. दुसऱ्यासाठी मात्र प्रयोगाची मांडणी फार काटेकोर लागेल.

मागाकडे लक्ष देण्याचे कारण सरळ आहे. या गोगलगायींना शिंगांच्या बुडाशी डोळे असतात, पण हातभर अंतरावरचा शंख नराचा की मादीचा हे त्या डोळ्यांनी ओळखता येणे शक्य नाही. समुद्री ससा म्हणून ओळखला जाणारा अॅप्लिझिया हा गोगलगायवर्गीय सागरी प्राणी पाण्यात प्रथिनरूपी गंध सोडून जोडीदारांना बोलावतो, पण खोडावर राहणारी गोगलगाय दिवसाचा बराच काळ पाण्याबाहेर असते आणि पाण्यात विरघळणारा निरोप तिच्या कामाचा नाही. तिच्याकडे उरतो तो सालीवर चिकटून राहणारा निरोप.

कोणत्याही गोगलगायीचा माग दुसरी गोगलगाय धरते, एवढे तर जुने निरीक्षण आहे. २०१३ मध्ये एन्ग, सॉल्टिन, डेव्हिस, योहानसन, स्टॅफर्ड आणि विल्यम्स यांनी या वर्तनाचा सविस्तर आढावा घेतला. आपल्या ठरलेल्या जागी परतणे, समूहाने एकत्र बसणे, मागात अडकलेले सूक्ष्म शेवाळ खाणे, भक्ष्याचा पाठलाग करणे, ऊर्जा वाचवणे आणि जोडीदार शोधणे अशी अनेक कामे एकाच रेघेवर चालतात, असे त्यात दिसते. तेव्हा चाचणीसाठी गोगलगायींना ज्यावर चालवणार त्या काचेवर एखादा नर मादीच्या मागावरून चालला, तर तो यांपैकी कोणत्या कामाला निघाला होता हे आम्हाला दाखवता आले पाहिजे.

११ जुलै

आज ऊर्जेच्या हिशोबाविषयीचे वाचन केले, आणि हा हिशोब प्रकल्पाच्या अगदी मुळाशी आहे असे लक्षात आले. मार्क डेनी यांनी १९८० मध्ये उत्तर अमेरिकेतील केळ्यासारख्या पिवळ्या बिनशंखी गोगलगायीवर मोजमापे करून दाखवले, की सरपटत जाण्याचा खर्च तेवढ्याच वजनाच्या प्राण्याने तेवढेच अंतर धावण्याच्या खर्चाच्या सुमारे १२ पट असतो, आणि या खर्चाचा मोठा वाटा स्नायूंच्या हालचालीपेक्षा श्लेष्म तयार करण्याकडे जातो. श्लेष्मात बहुतांश पाणीच असले, तरी त्याला घट्टपणा देणारी प्रथिने आणि शर्करायुक्त संयुगे शरीराला घडवावी लागतात आणि ती दर पावलाला, म्हणजे पायाच्या दर लाटेला, मागे टाकून द्यावी लागतात.

यावर डेव्हिस आणि ब्लॅकवेल यांचे २००७ मधील काम आहे. युरोपच्या किनाऱ्यावरील लिट्टोरिना लिट्टोरिया (लिट्टोरारियाच्या नात्यातील लिट्टोरिना वंशाची एक जाती) ही गोगलगाय आपल्याच जातीच्या ताज्या मागावरून चालते तेव्हा तिने टाकलेले श्लेष्म पहिल्या गोगलगायीच्या श्लेष्माच्या अवघे २७ टक्क्यांच्या आसपास भरते. माग जुना होऊन झिजलेला असेल तर मागची गोगलगाय फक्त झिजलेला भाग भरून काढते आणि मागाचा मूळचा फुगीर आकार व जाडी पुन्हा उभी करते.

याचा आमच्यासाठी अर्थ असा, की दुसऱ्याच्या वाटेवरून जाणे प्रत्येक गोगलगायीला परवडते, मग ती वाट कोणाचीही असो. नराने मादीचा माग धरला हे निरीक्षण एकटे काहीच सांगत नाही. त्याच नराला दुसऱ्या नराचा माग दिला असता तो त्याने किती धरला असता, हे समोर ठेवल्यावरच जोडीदाराच्या शोधाविषयी बोलता येईल. प्रत्येक ‘मादीचा माग’ चाचणीला ‘नराचा माग’ ही जोडचाचणी सक्तीची करण्याचे आज ठरवले.

२२ जुलै

जातीच्या ओळखीचा प्रश्न. जुन्या याद्यांमध्ये कोकणातील खारफुटीवरच्या जवळजवळ प्रत्येक लिट्टोरारियाला ‘स्काब्रा’ या एकाच जातीचे नाव दिलेले आढळते. डेव्हिड रीड यांनी १९८६ मध्ये हिंदी आणि प्रशांत महासागरांतील खारफुटींच्या या गोगलगायींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हे एक नाव अनेक जातींवर पांघरलेले होते हे स्पष्ट झाले. शंखाचा रंग फसवा असतो. एकाच जातीत पिवळे, तपकिरी, ठिपकेदार असे शंख सापडतात, आणि दोन वेगळ्या जातींचे शंख वरून सारखे दिसू शकतात. रीड यांनी भर दिला तो शरीररचनेवर, विशेषतः नराच्या शिश्नाच्या आकारावर. आम्हाला लिंग ओळखण्यासाठी तोच अवयव पाहायचा असल्याने एका तपासणीत दोन कामे होतील. ज्या नमुन्यांची लक्षणे स्काब्राशी जुळतील तेवढेच प्रयोगात घ्यायचे, बाकीचे त्याच दिवशी खोडावर परत सोडायचे.

कांदळवनाला हात लावायचा म्हणजे परवानगी लागतेच. अर्जात फांदी तोडणार नाही, साल खरवडणार नाही आणि सर्व प्राणी जिवंत परत सोडणार, ही तिन्ही विधाने लिहिली आहेत.

२६ ऑगस्ट

अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा खाडीवरचा हिशोब आजही कामी येतो. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. आज भांगाचे पाणी असल्याने चढउतार कमी होता आणि खोडापाशी सावकाश काम करता आले.

पाणी चढू लागले की लिट्टोरारिया खोडावर वर सरकतात आणि ओहोटीला ओल्या पट्ट्यात उतरून सालीवरचे शेवाळ खातात. पावसाळी हवेत त्या दिवसाही हालचाल करताना दिसतात. चिपीच्या एका जाड खोडावर आज एक नर मादीच्या शंखावर बसलेला मिळाला. तो शंखावरून सरकत उजव्या कडेला आला, तेथे शंखाच्या तोंडाशी पक्का झाला आणि मादी त्याला पाठीवर घेऊन हळूहळू शेवाळ खातच राहिली. शंखाच्या उजव्या कडेला स्थिर होणे ही खूण महत्त्वाची आहे, कारण मादीचे जननद्वार त्या बाजूला प्रावरणाखाली, म्हणजे शंखाच्या आतील मांसल पडद्याखाली, असते आणि नराचे शिश्नही उजव्या शिंगाच्या मागे असते.

प्राण्याला न दुखवता लिंग ओळखण्याची रीत आज सर्वांनी हाताखालून घातली. गोगलगाय शंखाचे तोंड वर करून दोन बोटांत धरायची, तिच्यावर खाडीच्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकायचे आणि थांबायचे. काही वेळाने झाकण हलते, पाय बाहेर येतो आणि आधार शोधण्यासाठी ती मान लांब करून उजवीकडे पिळते. त्या क्षणी उजव्या शिंगामागे मांसल, दुमडलेला अवयव दिसला तर नर. मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवले तर प्राणी शिथिल होतो आणि तपासणी निवांत होते, पण ज्याच्या वर्तनाचीच चाचणी घ्यायची आहे त्याला आधी गुंगी आणणे आम्हाला पटले नाही. शंखावर नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे. नरांना एक रंग आणि माद्यांना दुसरा असे न करता प्रत्येकाला स्वतंत्र खूण दिली, म्हणजे चित्रफितीवरून वाट आखणाऱ्याला लिंग कळणार नाही.

२ सप्टेंबर

काचा धुण्याची पद्धत ठरली. आधी साबण, मग सौम्य ब्लीच, मग भरपूर गोडे पाणी आणि शेवटी गाळलेले खाडीचे पाणी. श्लेष्म नुसत्या पाण्याने निघत नाही. ते वाळून काचेला चिकटते आणि पुन्हा ओले झाले की फुगते. कोळशाची बारीक पूड भुरभुरून काच झटकली की राहिलेला माग काळा उमटतो. ही पूड फक्त धुलाई तपासण्यासाठी आणि चाचणी संपल्यानंतर वापरायची. चाचणीच्या आधी वापरली तर नर मागावर चालला की कोळशावर, असा नवाच प्रश्न उभा राहील.

१२ सप्टेंबर

मांडणीतली सर्वांत मोठी अडचण आज सुटली, म्हणून सविस्तर नोंद करतो.

या गोगलगायींना वर चढण्याची ओढ आहे. काच उभी ठेवली तर कोणतीही दोन जनावरे तळापासून सोडल्यावर वरच्या दिशेनेच जातात आणि त्यांच्या वाटा एकमेकींवर पडतात. काच आडवी ठेवली तर त्या कड गाठतात आणि कडेकडेने फिरतात, तेव्हाही वाटा जुळतात. दोन्ही ठिकाणी वरवर पाहता ‘माग काढला’ असेच दिसेल, प्रत्यक्षात मात्र मागाचा काही संबंध नसेल.

उपाय असा. प्रत्येक नराला आधी कोऱ्या काचेवर सोडून त्याची वाट टिपायची. त्या वाटेवर दुसऱ्याच काचेवर, दुसऱ्याच दिवशी चाललेल्या मादीची वाट ट्रेसिंग पेपरवरून ठेवायची आणि दोन्ही किती जुळतात ते मोजायचे. येथे नराला मादीचा माग मिळालेलाच नसतो, तरी थोडीफार जुळणी येतेच, आणि ती जुळणी म्हणजे निव्वळ योगायोगाची पातळी. खऱ्या चाचणीतील जुळणी या पातळीच्या वर किती जाते हेच आमचे मोजमाप राहील. काच आडवीच ठेवायची आणि कडेपासून बोटभर आतपर्यंतची वाटच हिशोबात घ्यायची, असेही ठरले.

जुळणीचा निर्देशांक म्हणून नराच्या वाटेपैकी मागावर पडलेली लांबी भागिले त्याच्या वाटेची एकूण लांबी असा सरळ भागाकार घेतला आहे. भाजकात मादीच्या मागाची लांबी घेण्याचीही पद्धत आहे, पण मग मध्येच थांबून राहिलेला नर आणि माग सोडून भलतीकडे गेलेला नर यांना जवळजवळ सारखेच गुण मिळतात. थांबलेला नर मागावर नाही असे म्हणता येत नाही, त्यामुळे पहिली पद्धतच अधिक प्रामाणिक वाटते.

२१ सप्टेंबर

आजच्या एका चाचणीचे वर्णन आकड्यांच्या तक्त्यात मावणार नाही.

मादीने काचेवर मोठे वळण घेऊन, मध्ये एकदा स्वतःचाच माग ओलांडून, पलीकडची कड गाठली. तिला उचलून घेतले आणि नराला मागाच्या सुरुवातीपासून थोडे बाजूला, मागाला आडवे तोंड करून ठेवले. तो सरळ निघाला. त्याची दोन्ही शिंगे आळीपाळीने काचेला टेकत होती, आणि डावे शिंग मागाला लागताच तो थांबला. मग दोन्ही शिंगे मागाच्या दोन कडांवर आली. डोके डावीकडे वळले, परत उजवीकडे वळले आणि नर मादी गेली त्याच दिशेने चालू लागला. वळणावर त्याने माग सोडला नाही. जेथे मादीने स्वतःचा माग ओलांडला होता त्या चौफुलीवर त्याची शिंगे पुन्हा आळीपाळीने फिरली आणि तो नंतरच्या, म्हणजे वरून गेलेल्या, मागाने पुढे सरकला.

मागाला दिशा असते आणि ती गोगलगायींना ओळखता येते, हे अनेक जातींत दाखवले गेले आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चिखलात राहणाऱ्या इल्यानासा या गोगलगायीवरचे १९७८ चे काम त्यांपैकी एक. जोडीदार शोधणाऱ्याला दिशा कळली नाही तर निम्म्या वेळा तो मादीपासून दूरच जाईल, आणि चालण्याचा खर्च पाहता ही चूक स्वस्त नाही. एका नराच्या एका वळणावरून आम्ही दिशाज्ञानाचा दावा करणार नाही. पण यापुढे प्रत्येक नराला मागाला आडवाच ठेवायचा. मागाच्या सुरुवातीला त्याच दिशेने तोंड करून ठेवले की दिशेचा निर्णय आपणच त्याच्या वतीने घेऊन टाकतो.

४ ऑक्टोबर

हाँगकाँगच्या खारफुटीतील दोन लिट्टोरारिया जातींवर, आर्दुइनियाना आणि मेलानोस्टोमा यांवर, एन्ग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेले काम आमच्या प्रकल्पाचा जवळचा नमुना आहे. विणीच्या हंगामात तेथील नर माद्यांचे माग नरांच्या मागांपेक्षा अधिक नेमकेपणाने धरतात, म्हणजे मागात लिंगाची ओळख आहे. युरोपातील लिट्टोरिना लिट्टोरियावर एर्लांडसन आणि कोस्टिलेव्ह यांनी १९९५ मध्ये विणीचा आणि विणीबाहेरचा काळ अशी तुलना करून याच दिशेचा पुरावा दिला होता.

मात्र सर्वांत विचार करायला लावणारे निष्कर्ष स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील त्यर्नो येथील सागरी प्रयोगशाळेतून आले आहेत. केर्स्टिन योहानसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लिट्टोरिनाच्या चार जाती एकाच पद्धतीने तपासल्या. लिट्टोरिया, फॅबॅलिस आणि ऑब्टुसाटा या तीन जातींचे नर मादीचा माग पसंत करतात. चौथ्या, सॅक्सॅटिलिस जातीचे नर मात्र नर आणि मादी या दोघांचेही माग सारखेच धरतात. या नरांत माग काढण्याची क्षमता कमी आहे असे नाही, कारण ते माग काढतातच. फरक मागात आहे.

सॅक्सॅटिलिस ही जाती खडकांवर अतिशय दाटीने राहते आणि तिच्यात मीलने वारंवार होतात. पानोव्हा आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी चार माद्यांच्या पोटातील पिल्लांची जनुकीय तपासणी केली तेव्हा प्रत्येक मादीच्या पिल्लांमागे १५ ते २३ बाप निघाले. इतक्या मीलनांची मादीला गरज नाही. प्रत्येक मीलनात खाण्याचा वेळ जातो, पाठीवर ओझे वाहावे लागते, लाटेने खडकावरून सुटण्याचा धोका वाढतो. नराच्या दृष्टीने मात्र प्रत्येक नवे मीलन फायद्याचेच. अशा ओढाताणीत मादीने आपल्या मागातून ‘मी मादी आहे’ ही खूणच काढून टाकली असावी, म्हणजे नरांची गर्दी थोडी तरी कमी होईल, असे स्पष्टीकरण या संशोधकांनी मांडले आहे.

या वाचनाने आमचा दुसरा प्रश्न उलटा करून पाहावा लागला. आतापर्यंत आम्ही ‘नराला कळते का’ असे विचारत होतो, जणू सारे कौशल्य नराकडेच आहे आणि मादी नकळत मागे काहीतरी सांडत जाते. माग काढतो नर, पण त्यात ओळख ठेवायची की नाही हे मादीच्या शरीरावर झालेली निवड ठरवते. आमच्या खोडांवर दाटी किती आहे हे म्हणूनच नोंदवायला हवे. विरळ वस्तीत मादीला सापडणे फायद्याचे असेल, दाट वस्तीत न सापडणे. पुढच्या खेपेपासून प्रत्येक खोडावरची संख्या आणि जोड्या वेगवेगळ्या लिहायच्या.

१८ ऑक्टोबर

आज नर दुसऱ्या नराच्या शंखावर चढलेला दोनदा दिसला, एकदा खोडावर आणि एकदा गोगलगायी ठेवलेल्या पेटीत. विद्यार्थ्यांना ही चूकभूल वाटली. पण लिट्टोरिनांत नर नरावर चढतो हे नेहमीचेच आहे, आणि अशा जोड्या लवकर सुटतात, खऱ्या मीलनाच्या जोड्या मात्र बराच वेळ टिकतात. म्हणजे मागात ओळख नसली किंवा नराने तिकडे लक्ष दिले नाही, तरी स्पर्शाने होणारी दुसरी तपासणी शंखावर चढल्यानंतर होते. सॅक्सॅटिलिसमध्ये नरावर चढलेल्या नरांचे प्रमाण जास्त असते, आणि मागातील खूण नसण्याशी हे सुसंगत आहे.

आमच्या चाचणीत ‘मीलन झाले’ असे लिहिण्याची अट आता कडक केली. नर शंखावर चढला एवढ्याने भागणार नाही. तो उजव्या कडेला येऊन तेथे स्थिर राहिला पाहिजे, आणि नोंद करणाऱ्याने घड्याळ लावून वेळ लिहिला पाहिजे.

२ नोव्हेंबर

पाऊस थांबला, ऊन वाढले. दुपारी खोडावरच्या बहुतेक गोगलगायी झाकण मिटून, शंखाच्या तोंडाची कड वाळलेल्या श्लेष्माने सालीला डकवून बसलेल्या. चाचण्या संध्याकाळी. पेटीत ओल टिकावी म्हणून खाडीच्या पाण्याचा फवारा चालू ठेवला.

१६ नोव्हेंबर

नमुन्यांतून कोणाला वगळायचे यावर आजचा दिवस गेला.

पहिला प्रश्न परजीवींचा. पर्णकृमींच्या अळ्या या गोगलगायींच्या शरीरात वाढतात आणि जननग्रंथी खाऊन टाकतात. अशी गोगलगाय वरून मादी दिसली तरी अंडी देऊ शकत नाही. तिच्या मागाविषयीचे निरीक्षण निरोगी मादीच्या निरीक्षणात मिसळले तर निष्कर्ष गढूळ होईल. जिवंत प्राण्यात पर्णकृमी ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे तो काही काळ स्वच्छ पाण्यात ठेवून बाहेर पडणाऱ्या अळ्या भिंगाखाली शोधणे. अळ्या बाहेर पडल्या नाहीत म्हणून प्राणी निरोगी ठरत नाही, पण पडल्या तर वगळण्याचे कारण मिळते.

दुसरा प्रश्न लिंगाच्या ओळखीचाच. होड्यांच्या तळाला शेवाळ आणि शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी लावल्या जाणाऱ्या रंगांत ट्रायब्युटिल टिन हे संयुग असे. त्याच्या अगदी थोड्या मात्रेनेही अनेक शंखवर्गीय जातींच्या माद्यांना नरासारखे शिश्न येते, आणि अशा माद्यांची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी भारतीय किनाऱ्यावरही केली आहे. या रंगांवरील आंतरराष्ट्रीय बंदीचा करार २००८ मध्ये लागू झाला. आमची खाडी होड्यांच्या वर्दळीची आहे, त्यामुळे अर्धवट वाढलेले शिश्न दिसलेला प्रत्येक नमुना ‘अनिश्चित’ म्हणून बाजूला ठेवायचा, त्याला नरांत घालायचे नाही.

आणखी एक विचार येथेच लिहून ठेवतो. माग ही खूण फक्त जोडीदारासाठी नसते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील नॅव्हॅनॅक्स हा बिनशंखी शिकारी भक्ष्याचा आणि जोडीदाराचा माग सारख्याच तन्मयतेने काढतो, आणि छेडले गेल्यास आपल्या मागात पिवळी धोक्याची रसायने सोडतो, ज्यांना पोहोचताच मागून येणारा नॅव्हॅनॅक्स वाट बदलतो. एकाच मागात निमंत्रणही असू शकते आणि इशाराही. आमच्या पेटीत गोगलगायींना उचलताना, तपासताना बसणारा धक्का त्यांच्या श्लेष्मात उतरत असेल का? खबरदारी म्हणून तपासणी आणि चाचणी यांत पूर्ण एक रात्र जाऊ देण्याचा नियम केला.

५ डिसेंबर

मागावरून मादी ओळखण्याची क्षमता जर अधिक बारीक झाली, तर तिचा परिणाम एका जोडीपुरता राहत नाही. सॅक्सॅटिलिस जातीत स्वीडनच्या किनाऱ्यावर दोन रूपे शेजारीशेजारी राहतात. खेकड्यांचा त्रास असलेल्या गोट्यांच्या भागात मोठ्या, जाड शंखाचे रूप असते, आणि लाटांचा मारा असलेल्या उघड्या खडकांवर लहान, पातळ शंखाचे. या जातीची पिल्ले आईच्या पोटातूनच चालती बाहेर येतात, पाण्यात तरंगणारी अळीची अवस्था नसते, त्यामुळे दोन्ही वस्त्या एकमेकींत फारशा मिसळत नाहीत. जेथे त्या भेटतात तेथे नर मादीचा माग धरताना ती कोणत्या रूपाची आहे असा भेद करतात, हे योहानसन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले. फॅबॅलिस जातीतही मोठे आणि लहान अशी दोन रूपे आहेत. सॉल्टिन आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या कामानुसार नरांचा कल मोठ्या माद्यांकडे असतो, आणि त्यामुळे दोन रूपांत मीलनाचा अर्धवट अडसर तयार होतो.

येथे सॅक्सॅटिलिसचे दोन निष्कर्ष एकमेकांशी भांडतात असे पहिल्या वाचनात वाटले. हे नर नर-मादी भेद करत नाहीत, पण रूपभेद करतात, हे कसे? विचार केल्यावर विरोध उरत नाही. लिंगाची खूण लपवणे मादीच्या फायद्याचे आहे, शरीराचा आकार आणि त्याबरोबर येणारी श्लेष्माची रुंदी किंवा घडण लपवणे तिच्या हाती नाही. पाय मोठा असेल तर माग रुंद पडणारच.

आमची स्काब्रा पिल्लांना काही काळ पोटात वाढवते, पण पुढे पाण्यात अळ्यांच्या रूपाने सोडते, आणि त्या अळ्या भरती-ओहोटीबरोबर दूरवर जातात. त्यामुळे एका खाडीत स्वीडनसारखी दोन रूपे तयार होण्याची अपेक्षा नाही. मात्र मोठ्या मादीकडे कल असणे ही गोष्ट येथेही तपासण्याजोगी आहे, कारण मोठी मादी अधिक पिल्ले देते. मादीच्या शंखाची उंची प्रत्येक चाचणीच्या तक्त्यात आधीच आहे. मागाची रुंदी मात्र चित्रफितीवरून नीट मोजता येत नाही, त्यासाठी चाचणीनंतर कोळशाची पूड टाकून काढलेले छायाचित्र वापरायचे.

२० डिसेंबर

या फेरीचे काम आज थांबवले. सर्व गोगलगायी त्या त्या खोडावर, ओल्या पट्ट्याच्या वर, सोडल्या.

अहवालाचा कच्चा मसुदा लिहिताना कोणती विधाने करायची आणि कोणती नाहीत यावर आमच्यात बराच वाद झाला. नर मादीच्या मागावर योगायोगाच्या पातळीपेक्षा जास्त काळ राहतात, एवढे म्हणायला चित्रफिती पुरेशा आहेत. मादीचा आणि नराचा माग यांत ते भेद करतात का, याचे उत्तर ‘कल दिसतो’ या शब्दांपलीकडे नेऊ नये असे माझे मत आहे. काही नरांनी दोन्ही माग सारखेच धरले, काहींनी नराचा माग थोडे अंतर जाऊन सोडून दिला. २७ टक्के श्लेष्मात वाट काढता येत असेल तर नराचा माग थोडा वेळ धरण्यात आश्चर्य नाही, आणि म्हणून माग कुठे धरला यापेक्षा तो कुठे सोडला हे मोजणे अधिक उपयोगी ठरेल असे आता वाटते. सर्व चित्रफितींवर ‘माग सोडल्याचे ठिकाण’ ही नवी नोंद करण्याचे काम विद्यार्थ्यांना वाटून दिले आहे.

विणीच्या हंगामाबाहेरची तुलना अजून बाकी आहे. हंगामात आणि हंगामाबाहेर त्याच नरांना त्याच प्रकारचे माग दिले आणि मादीच्या मागाकडचा कल फक्त हंगामातच दिसला, तर ऊर्जेच्या बचतीचे स्पष्टीकरण बाजूला करता येईल, कारण श्लेष्माचा खर्च वर्षभर सारखाच असतो. त्यासाठी एप्रिल-मे मधल्या कोरड्या दिवसांत, जोड्या दिसेनाशा झाल्या आहेत याची खोडांवर खात्री करून, याच खोडांवरचे नर घ्यायचे. परवानगीची मुदत त्याआधी संपते. वाढीव मुदतीचा अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा आहे.